दिवेवालीचा बाप

आधी लालीच्या ध्यानात आलं की धक्क्याला होडकं नाही. बाप घरात नाही, हे मग.

दुपारच्या शिकारीला निघालेल्या शहरी पाहुण्यांच्या होडीवर ती दिवे बसवत होती. पुढच्या टोकाला, नाळेवर, चिमट्यानं घट्ट बसणारा एक, डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. मागच्या बाजूला काठीवर पांढरा. आणि हातात धरायचा मोठा झोत, त्याच्या बॅटरीच्या डब्यासकट. "जागेवर पोचलात की सगळे काढून पिशवीत घाला," ती रोजचं पुराण सांगत होती, "नाहीतर बदकं तिकडे फिरकायचीसुद्धा नाहीत. आणि परतताना अंधार होणार, तेव्हा आठवणीनं परत लावा. विसरलात तर शिकारखात्याचा वॉर्डन तुम्हाला विसरणार नाही." पाहुणे हसले. लालीनं सवयीनं शेवटच्या खांबाकडे पाहिलं. खांबाला नुसता दोर लोंबत होता.

"पापा?" तिनं हाक मारली. मग घरात धावली. स्वयंपाकघरात गंबोच्या रश्श्याचं भांडं तसंच झाकलेलं, खुर्चीपाशी कॉफीचा कप, आणि दारामागच्या खुंटीवर बापाचा, ओविदचा कोट. जानेवारीतला दिवस, खाडीवरून ओलं वारं सुटलेलं, आणि ऐंशी उलटलेला माणूस सदऱ्यावर आणि घरातल्या सपातांवर पाण्यात गेलेला.

होडक्याचं इंजिन तिनं केव्हाच काढून शेडमध्ये कुलपात टाकलं होतं. पण होडकं मात्र राहू दिलं होतं. ओविद दिवसभर त्या बांधलेल्या होडक्यात जाऊन बसायचा, फळ्या पुसायचा, कुणाशी तरी बोलायचा. तेवढं तरी सुख असू दे म्हाताऱ्याला, असं तिला वाटलं. चिखलात रेटायची लांब काठी होडक्यातच पडलेली असायची, आणि ती उचलून ठेवावी हे तिला कधी सुचलं नाही. इंजिनाशिवाय जाणार कुठे, असं ती धरून चालली. अगं बाई, त्या माणसानं उभा जन्म काठीवर काढला, त्याला इंजिन कशाला लागतंय!

ओविद थेरिओ काय चीज होती हे आमच्या काठावर कुणाला सांगायला नको. बदकं मारून शहरातल्या हॉटेलांना विकायची बंदी होती, तो विकायचा. रात्री मारायची बंदी होती, तो रात्रीच मारायचा. त्यावर त्यानं घर चालवलं, बायकोचं आजारपण काढलं, लालीला शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, शाळेतही तिला 'बदकचोराची पोर' म्हणायचे, आणि ती घरी येऊन रडली की ओविद म्हणायचा, "चोर म्हणजे जो पकडला जातो तो. मला कुणी पकडलंय?"

आणि खरंच नव्हतं पकडलं. म्हातारा वॉर्डन नोलान, देव त्याला शांती देवो, आयुष्यभर या माणसाच्या मागे हिंडला. त्याचा झोत दिसला रे दिसला की ओविद बोरूच्या बनात शिरायचा, शिरताना वाकलेली ताटं मागच्या मागे हातानं सरळ करायचा आणि होडकं आडवं लोटून स्वतः तळाशी पालथा पडायचा. झोत अंगावरून जायचा, हा श्वाससुद्धा सोडायचा नाही. दुसऱ्या दिवशी नोलान याच्याच घरी कॉफीला. "काल मोठ्या तळ्यावर कुणीतरी होतं म्हणे, ओविद." "हो का? लोक फार वाईट झालेत हो." दोघंही कपात बघून हसायचे.

यालाही कायदा होता. सरकारचा नाही, आमचा. लांबून झोत दिसला तर पळावं, लपावं, त्यात कमीपणा नाही. वॉर्डन लांबून हाका मारील, गोड बोलेल, बायकोचा आवाज काढील, तरी ओ देऊ नये. तो त्याचा धंदा आहे. पण एकदा का झोत थेट तोंडावर पडला आणि वॉर्डननं आडनावासकट नाव पुकारलं, की खेळ संपला. मग बंदूक खाली, दोन्ही हात काठावर, आणि आपल्या पायांनी त्याच्या होडीत जाऊन बसायचं. नाव पुकारल्यावर जो पळाला तो माणसातून उठला. खालच्या वस्तीतला एकजण असा पळाला होता, त्याच्या घरातल्या पोरींना पुढे कित्येक वर्षं कुणी नाचायला विचारलं नाही.

"मला सूर्यानं पाहिलंय, देवानं पाहिलंय," ओविद छाती ठोकून सांगायचा, "पण वॉर्डनच्या दिव्यानं नाही पाहिलं."

अशा बापाच्या पोटी लाली, आणि ती दिवे विकायला लागली! नवरा बोटीवर कामाला गेला तो तिकडेच रमला, मग तिनं धक्क्यावरचं दुकान घेतलं. बदकांच्या मोसमात शिकाऱ्यांच्या छोट्या होड्यांना काढते-घालते दिवे लागतात, कारण त्याच होडीवर उन्हाळ्यात मासे धरायचे असतात आणि बदकांपुढे तर होडीवर काही चमकताच कामा नये. ती ते भाड्यानं द्यायची, विकायची, रात्रभर बॅटऱ्या भरत ठेवायची. चिमटे ढिले झाले तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून घट्ट करायची. ओविद दुकानात आला की नाक मुरडायचा. "चोराच्या घरात शिपायाचा कंदील! आझेली असती तर तुला सुपानं झोडपली असती."

"ममा असती तर तिनंच गल्ल्यावर बसून दिवे विकले असते," लाली म्हणायची. "आणि पापा, तुझी कॉफी या कंदिलांवरच उकळते, बरं का."

यावर तो खूश होऊन हसायचा. पोरीला जीभ आहे याचा त्याला अभिमान होता.

अलीकडे हसणं कमी झालं होतं. लालीला तो आझेली म्हणायचा, म्हणजे तिच्या मेलेल्या आईच्या नावानं. तिचा मामेभाऊ अल्सिद रोज येणारा, त्याला विचारायचा, "तू कुणाचा रे?" चमचा कशाला असतो हेही कधी कधी विसरायचा. पण पाणी कुठे खोल आणि कुठे उथळ, हे विचारा. डोळे मिटून सांगायचा.

आणि आता तो त्याच पाण्यात होता.

लालीनं पाहुण्यांना हाकललं, अल्सिदला बोलावलं, वॉर्डनला फोन केला. आताचा वॉर्डन म्हणजे कर्टिस बादो, नोलानचाच नातू, तरुण, सरळ माणूस. तो आला, त्यानं कोट पाहिला, आणि आडपडदा न ठेवता बोलला. "ओला झाला असेल तर फार वेळ नाही, लाली. आधी माणूस थरथर कापतो. ती थरथर थांबली, की समजा काही खरं नाही."

उन्हं उतरली तसं धुकं आलं. लालीनं दुकान उघडं टाकलं आणि एकूण एक दिवा बाहेर काढला. "घ्या, न्या, बांधा. नाळेवर बांधा, काठीला बांधा, टोपीला बांधा. एखादा तरी त्याला दिसेल." काठावरचा ज्याच्याकडे म्हणून होडी होती तो निघाला. अंधार पडेपर्यंत दलदलीत जत्रा भरली. जिकडे बघावं तिकडे लाल-हिरवे ठिपके आणि बोरूवरून फिरणारे झोत. "ओविदकाका! ओ ओविदकाका!" माणसं ओरडत होती. लाली आपल्या छोट्या होडीत एकटी होती. "पापा!" करून करून तिचा घसा बसला. बाईचा आवाज होता हे कळू नये इतका फाटला.

कुठेच काही नाही. तिनं नोलानला आठवलं, देवाला आठवलं, कोट खुंटीवर पाहूनही आधी पाहुण्यांच्या होडीचा चिमटा घट्ट करून आली होती ते आठवलं, आणि स्वतःला शिव्या घातल्या.

मोठ्या तळ्याच्या तोंडाशी एक चिंचोळा चर आहे. तिथून ती एकदा गेली होती, झोत दोन्ही काठांवर टाकून. आता परत आली तर झोताखालचं पाणी गढूळ होतं. तिनं इंजिन बंद केलं. गढूळ तिच्या इंजिनानं केलं असेल म्हणावं, तर ती तर मघाशी पलीकडच्या काठानं गेली होती. तिनं वाकून पाहिलं. तळातून चिखल अजून फुगून वर येत होता. थोड्या अंतरावर आणखी एक फुगा. पुढे आणखी एक. काठीनं चिखल रेटला की उठतात तसे. आणि समोरच्या बोरूची ताटं सरळ उभी होती, जरा जास्तच सरळ, आणि त्यांतल्या दोनांची पानं उलटी फिरलेली होती.

लालीला सगळं एकदम कळलं.

तो हरवला नव्हता. तो लपत होता. दिवा दिसला की बनात शिर, हाक आली की गप्प राहा, झोत फिरला की पुढच्या चरात सरक. सगळं गाव दिवे घेऊन त्याला वाचवायला आलं होतं, आणि त्याच्या लेखी शंभर वॉर्डन त्याच्यामागे लागले होते. जिवाच्या आकांतानं तो आत आत पळत होता, उघड्या खाडीच्या दिशेनं. आणि तिकडे त्याला रेटत होते तिचेच दिवे, तिनं स्वतः वाटलेले!

"दिवे बंद करा!" ती ओरडली. आवाज फुटेना. तिनं होडी वळवून अल्सिद आणि कर्टिसला गाठलं. "दिवे बंद करा, सगळ्यांना सांगा. तो आपल्याला बघून पळतोय."

"डोकं फिरलंय का तुझं?" अल्सिद म्हणाला. "या धुक्यात दिवे मालवले तर आपणच एकमेकांच्या टाळक्यात बसू. एकाला शोधता शोधता चार जण बुडायचे."

"इंजिनंही बंद करा मग. आहात तिथं उभे राहा. अल्सिद, तुला मी आजवर काही मागितलंय का? तो चरापाशीच आहे. पाणी अजून निवळलं नाहीये रे!"

अल्सिदनं कर्टिसकडे पाहिलं. अंधारात दिवे मालवा असं लोकांना सांगायचं, आणि तेही वॉर्डननं! कर्टिसनं टोपी काढली, परत घातली. "माझ्या आजोबांनाही हा माणूस असाच दमवायचा म्हणे," तो पुटपुटला, आणि बिनतारी यंत्रावर सगळ्यांना सांगितलं. ठिपके एकेक करून विझले. शेवटी कर्टिसनं स्वतःचा झोत मालवला.

मग काळोख आणि शांतता. लाली काठीनं होडी रेटत चरात शिरली, बापानं शिकवलं होतं तशी, काठीचा आवाज न करता. थांबली. ऐकलं. पुन्हा रेटलं. आणि बनाच्या आतून खोकला आला. कोपरात तोंड खुपसून दाबलेला, पाइप ओढणाऱ्या म्हाताऱ्याचा खोकला.

होडकं बोरूत आडवं घातलेलं होतं. ओविद तळाशी पालथा पडला होता, आणि तळात पाणी होतं. लालीनं हात लांबवून त्याच्या पाठीला लावला. अंग भिजलेलं, गार. आणि ते कापत नव्हतं.

"पापा," ती कुजबुजली. "मी लाली. चल."

"श्श! खाली हो, आझेली, खाली हो." त्याची जीभ जड झाली होती. "दोनदा झोत गेला माझ्यावरनं. दोनदा! तोंडाजवळनं गेला गं, पण मी हललो नाही."

"गेले ते सगळे. घरी जाऊ या."

"गेले नाहीत. दिवे मालवून बसलेत. मी ओळखतो त्यांना. उजाडेपर्यंत इथनं हलायचं नाही."

"पापा, उजाडेपर्यंत तू राहणार नाहीस!" तिनं त्याचा दंड धरून ओढला. आणि मरणाच्या दारातल्या त्या म्हाताऱ्याच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे, त्यानं तिला असा हिसडा दिला की तिची होडी कलली. काठी चिखलात खुपसून त्यानं होडकं आणखी आत लोटलं. ताटं मध्ये आली. अंधारात तो तिला दिसेना, नुसता श्वास ऐकू येत होता, मोठा आणि मधेच अडकणारा.

आता तिनं जबरदस्ती केली तर तो पाण्यात उडी घेणार. कर्टिसला बोलावलं तर आणखी आत जाणार, आणि पुढे तळ लागत नाही. नुसती बसून राहिली तर तो तिच्यापासून हातभर अंतरावर गारठून मरणार, आणि मरता मरता खूश असणार, की सापडलो नाही.

एकच वाट होती. लालीला ती ठाऊक होती, आणि नको होती. या माणसाची बायको गेली, बंदूक गेली, इंजिन तिनं काढून घेतलं, नावंगावं डोक्यातून गेली. उरलं होतं ते एवढंच, की मला कुणी पकडलं नाही. तेवढ्या एकाच गोष्टीवर तो सकाळी उठत होता. ती काढून घ्यायची तर मग वाचवायचं कुणाला?

श्वास पुन्हा अडकला आणि बराच वेळ सुटला नाही.

लालीनं मोठा झोत उचलला. ताटं बाजूला सारून आवाजाच्या रोखानं धरला आणि कळ दाबली. उजेड थेट तोंडावर पडला. पांढरं फटक तोंड, निळे ओठ, चिखल माखलेली दाढी, आणि सशासारखे उघडे डोळे. तिच्या फाटक्या घशातून जो निघाला तो आवाज तिचा नव्हताच.

"ओविद थेरिओ!"

तो हलला नाही. हातातली काठी तेवढी गळून पाण्यात पडली. मग तो उठून बसला, अगदी सावकाश. आधी डावा हात काठावर ठेवला, मग उजवा. दोन्ही पंजे उघडे.

"आहे," तो म्हणाला. "हा मी."

"माझ्या होडीत ये."

तो आला. पाय उचलत नव्हते, तरी आपल्या पायांनी आला. तिनं हात पुढे केला तो त्यानं धरला नाही, पकडलेला माणूस धरत नसतो. फळीवर ताठ बसायला गेला आणि कोसळला. लालीनं झोत खाली ठेवला, स्वतःचा कोट काढला, त्याचा ओला सदरा फाडून उपसला आणि त्याला कोटात, गोणपाटात, जे हाताला लागेल त्यात गुंडाळलं. तो लहान मुलासारखा सगळं करून घेत होता. उजेडामागचं तिचं तोंड त्याला दिसत नव्हतं, आणि तिनं दिसू दिलं नाही.

"बदकं नाहीत आज माझ्याकडे," तो म्हणाला. "हवं तर बघा होडकं."

"राहू दे."

चराच्या तोंडाशी अल्सिद आणि कर्टिसचे दिवे लागले. धक्क्यावर रुग्णवाहिका उभी असल्याचं कर्टिस ओरडून सांगत होता. "चल, चल, होडी सोड लवकर, आम्ही वाट दाखवतो!" लालीनं नाळेवर लाल-हिरवा दिवा ठोकला आणि इंजिनाच्या दोरीला हात घातला. तेवढ्यात ओविद पुन्हा कापायला लागला. आधी जबडा, मग खांदे, मग सगळं अंग. देवा रे, कापतोय! ती रडत होती आणि दोरी ओढत होती.

त्या कापणाऱ्या हातानं त्यानं तिची बाही धरली.

"साहेब," तो म्हणाला. दात वाजत होते म्हणून त्याला शब्द एकेक करून सोडावे लागत होते. "न्यायचं तिथं न्या. मी काही नाही म्हणत नाही. पण एवढं करा. घरी माझी पोरगी आहे, लाली. दिवे विकते. तिला सांगू नका मला पकडलं म्हणून."

लालीनं तोंड फिरवलं, आणि त्याच फाटक्या, परक्या आवाजात म्हणाली, "नाही सांगत."

मग इंजिन सुरू झालं.